नाताळची सुट्टी : व्हिएन्ना की कुंभकोणम?

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की बँकेच्या शाखांतून एक विशिष्ट लगबग सुरू होते. काउंटरच्या दोन्ही बाजूंच्या मंडळींना ती परिचित आहे. युरोपच्या व्हिसासाठी खात्याचा उतारा हवा असतो, त्यावर शाखेचा शिक्का आणि अधिकाऱ्याची स्वाक्षरी हवी असते आणि ती आजच हवी असते. सेवेच्या अखेरच्या दहा-बारा वर्षांत असे कितीतरी उतारे मी स्वाक्षरी करून दिले. काही ग्राहक त्यासाठी मुदत ठेव मुदतीपूर्वी मोडत, काही वैयक्तिक कर्जाचा अर्ज भरत. अशा वेळी मी दोन शब्द सांगत असे, ते शांतपणे ऐकून घेत आणि फॉर्म पुढे सरकवत. हौसेला मोल नसते हे मलाही मान्य आहे. पुढे निवृत्तीनंतर मी स्वतःही तसाच एक उतारा घेतला, तेव्हा समोरच्या तरुण अधिकाऱ्याच्या चेहऱ्यावरील स्मित मला पुरते समजले.

२०२२च्या नाताळात सौ. आणि मी मध्य युरोपला जाऊन आलो. आठ दिवसांत म्युनिक, न्यूरेंबर्ग, ड्रेस्डेन, प्राग आणि व्हिएन्ना अशी पाच शहरे. मुंबईहून प्रयाण २३ डिसेंबरच्या रात्री, कारण नातवंडांच्या शाळेची आणि मुलाच्या कचेरीची सुट्टी तेव्हाच लागते. न्यूरेंबर्गच्या ज्या चौकातील नाताळ-बाजाराची छायाचित्रे वर्षभर पाहिली होती, त्या चौकात आम्ही २५ तारखेला दुपारी उभे राहिलो. तेथे बाजार नव्हता, लाकडी खोपटी तेवढी बंद अवस्थेत उभी होती. तो बाजार २४ तारखेला दुपारीच उठतो. ड्रेस्डेनचा, १४३४ पासून भरत आलेला बाजारही २४ तारखेलाच संपतो. व्हिएन्नाच्या नगरभवनासमोरील बाजार २६ पर्यंत तग धरतो. प्रागचा मात्र जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालतो, म्हणून आमच्या पदरात काही पडले ते तेथे. २५ आणि २६ या दोन्ही दिवशी जर्मनी-ऑस्ट्रियात सार्वजनिक सुट्टी, दुकानांना कुलपे, आणि चार वाजता अंधार.

यात फसवणूक कोणाचीच नव्हती. कार्यक्रमपत्रिकेत सारे नीट छापलेले होते, आम्हीच ते वाचले नव्हते. परंतु एक गोष्ट मला त्या निर्मनुष्य चौकात उमगली. युरोपातला नाताळ हा चोवीस तारखेच्या संध्याकाळनंतर घराच्या आत साजरा होणारा सण आहे. त्याआधीचे चार आठवडे तो रस्त्यावर असतो, आणि त्या चार आठवड्यांत आपल्याकडे शाळा चालू असतात. आपण पोहोचतो तेव्हा यजमान दार लावून जेवायला बसलेला असतो. ज्यांना जायचेच आहे त्यांनी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जावे, पाच शहरांचा हव्यास सोडून एकाच शहरात राहावे आणि पायी फिरावे. तसे केल्यास तो आनंद खर्चाच्या तोडीचा आहे, असे माझे मत आहे.

आता ज्यांना सुट्टी केवळ नाताळातच मिळते, त्यांच्याविषयी. ज्या गावाचा स्वतःचा सण त्याच दिवसांत ऐन भरात असतो, असे गाव त्यांनी शोधावे. असे एक गाव मला २०२४ साली सापडले, आणि ते सापडायला निमित्त सौ.च्या आजोळाचे झाले.

माझ्या सासूबाई तंजावरच्या मराठी घराण्यातल्या. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे भोसल्यांची गादी स्थापन केली, ती १८५५ मध्ये कंपनी सरकारने खालसा करेपर्यंत टिकली. राज्य गेले तरी त्याबरोबर आलेली माणसे तेथेच राहिली. सासूबाईंची एक मावसबहीण कुंभकोणमला असते, वय वर्षे चौऱ्याऐंशी. "एकदा भेटून येऊ," असे सौ. गेली तीस वर्षे म्हणत होती, आणि दरवेळी दुसरेच काही तरी निघत होते. व्हिएन्नाला आम्ही आधी पोहोचलो, मावशींकडे नंतर, हे लिहितानाही संकोच वाटतो.

चेन्नईहून रात्रीची गाडी धरली की पहाटे कुंभकोणम येते. उत्तरेस कावेरी, दक्षिणेस अरसलार आणि मधोमध देवळांचे गाव. आम्ही उतरलो तेव्हा उजाडायचे होते, पण गाव जागे होते. तमिळ पंचांगातील मार्गळी मास नुकताच लागला होता. सूर्य धनु राशीत शिरतो तेव्हा, म्हणजे साधारण १६ डिसेंबरला, हा महिना सुरू होतो आणि पोंगलपर्यंत, म्हणजे आपल्या संक्रांतीपर्यंत, चालतो. आपण ज्याला धनुर्मास किंवा धुंधुरमास म्हणतो तो हाच. माझ्या लहानपणी आई या दिवसांत सूर्योदयापूर्वी मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा पानात वाढत असे. शहरात आल्यावर ते कधी थांबले, कोणालाच आठवत नाही. कुंभकोणमच्या देवळात पहाटे पाचला केळीच्या पानाच्या तुकड्यावर तांदूळ-मुगाचे ऊन ऊन वेण्पोंगल हातावर पडले. मिरी आणि तुपाचा वास आला आणि मी क्षणभर आमच्या जुन्या स्वयंपाकघरात गेलो.

प्रत्येक दारापुढे सडा आणि त्यावर तांदळाच्या पिठीचे कोलम. मार्गळीत कोलम मोठे काढतात, आणि मध्यभागी शेणाच्या गोळीत भोपळ्याचे पिवळे फूल खोवतात. वैष्णव देवळांत आंडाळची तिरुप्पावै, तीस पद्ये, दिवसाला एक याप्रमाणे महिनाभर. शैव देवळांत माणिक्कवाचकरांची तिरुवेंपावै. त्यातील शब्द आम्हाला कळत नव्हते. पण सारंगपाणीच्या अकरा मजली गोपुराखालून थंड दगडांवर अनवाणी चालत असता पलीकडच्या गल्लीतून नादस्वर ऐकू आला की आपण परके आहोत असे वाटत नाही. येथला सण रस्त्यावर आणि देवळात आहे, त्याला दारच नाही.

शहरात रमायचे तर पायी फिरण्याजोगे जुने गाव हवे, हाताला ऊब देणारे पेय हवे आणि संध्याकाळी बसायला जागा हवी. प्रागमध्ये मसालेदार गरम वाईनचे पेले होते. येथे पितळी डबरा आणि पेल्यात फेसाळलेली डिग्री कॉफी आहे. (दुधाचा कस यंत्राने मोजून घेत, त्यावरून ‘डिग्री’ हे नाव पडले, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. मला कॉफीशी मतलब.) बसायला महामहम तलाव आहे. नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांनी त्याच्या काठी सोळा मंडप बांधले. बारा वर्षांनी येथे कुंभमेळ्यासारखी गर्दी लोटते, २०१६ मध्ये लोटली, आता २०२८ मध्ये लोटेल. डिसेंबरच्या संध्याकाळी मात्र पायऱ्यांवर चार म्हातारे, दोन शाळकरी मुले आणि आम्ही. चार किलोमीटरवर दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर आहे, बाराव्या शतकातील, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत. त्याचा दगडी रथमंडप पाहण्यास एक सबंध सकाळ द्यावी. आम्ही दोन दिल्या.

२२ डिसेंबरला सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील एका बैठ्या घरापुढे पादत्राणे काढली. श्रीनिवास रामानुजन यांचे हे घर. जन्म इरोडचा, परंतु बालपण आणि शाळा येथील. ‘शास्त्र’ विद्यापीठाने ते जतन केले आहे. हेच विद्यापीठ २००५ पासून तरुण गणितींना रामानुजन यांच्या नावाचा पुरस्कार देते, आणि तो स्वीकारण्यासाठी जगभरातील गणिती ऐन नाताळाच्या तोंडावर या गावी येतात. घरातील ती खिडकी आणि तिच्याशेजारची खाट पाहताना केंब्रिजच्या हिवाळ्याची एक हकीकत आठवली. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी ती सांगून ठेवली आहे. थंडीने काकडणारे रामानुजन अंगात ओव्हरकोट घालून बिछान्याच्या वरच झोपत असत, कारण गादीखाली खोचलेल्या पांघरुणांच्या आत शिरायचे असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. परक्या शहरात माणूस किती लहान गोष्टींना मुकतो!

बँकेच्या मंडळींसाठी एक माहिती. याच गावात १९०४ मध्ये ‘कुंभकोणम बँक’ स्थापन झाली, आजची सिटी युनियन बँक ती हीच, आणि तिचे मुख्य कार्यालय अजूनही कुंभकोणमलाच आहे. महाराष्ट्राच्या इतिहासाशी जोडलेले आणखी एक नाव म्हणजे सर टी. माधवराव. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण, सयाजीराव महाराज अल्पवयीन असताना बडोद्याचा कारभार सांभाळणारे. त्यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणमच्या मराठी घरात झाला. चाळीस किलोमीटरवरील तंजावरला बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसलेकुळाचा इतिहास सांगणारा १८०३ चा लांबलचक मराठी शिलालेख आहे. सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते हजारोंनी आहेत. हे सर्व पाहण्यास एक दिवस पुरत नाही, आणि तेथे मराठी पर्यटक फारसे दिसतही नाहीत.

मावशींचे घर कावेरीकाठच्या गल्लीत आहे. त्यांनी दारातच सौ.चा हात धरला आणि मराठीत बोलू लागल्या. पहिली पाच मिनिटे मला निम्मेच कळले. सूर तमिळ, क्रियापदांची वळणे पोथीतल्यासारखी जुनी, आणि मध्येच एखादा शब्द थेट माझ्या आजीच्या तोंडचा. जेवणात उडदाचे डांगर होते, तेथे त्याला डांगर पच्चडी म्हणतात. मुले-सुना मराठी समजतात, उत्तर तमिळमध्ये देतात. नातवंडांना समजतही नाही. "आता माझ्याशी मराठीत भांडायलाही कोणी उरले नाही," असे त्या हसत म्हणाल्या. आठ दिवस सौ. त्यांच्याशी भांडत होती, म्हणजे पुरणपोळीत काय घालावे यावर.

त्यांचा थोरला नातू स्टुटगार्टला नोकरी करतो. त्याची कंपनी नाताळ ते नववर्ष बंद असते, म्हणून तो दर डिसेंबरात घरी येतो. आमच्या न्यूरेंबर्गच्या फजितीवर तो मनसोक्त हसला. म्हणाला, "काका, त्या दिवशी आम्ही परदेशी मुलेसुद्धा तिथे रस्त्यावर एकटे पडतो. म्हणून तर मी येथे आहे."

गावाभोवतीच्या तीन खेड्यांत, गोविंदपुरम, तिरुविसनल्लूर आणि मरुदानल्लूर येथे, दक्षिणेतील भजन-संप्रदायाच्या तिन्ही आचार्यांची स्थाने आहेत, आणि त्या भजनात आजही तुकोबा-नामदेवांचे अभंग म्हणतात. तिरुविसनल्लूरच्या श्रीधर अय्यावाळांची कथा ऐकून तर मी चकित झालो. श्राद्धाचे अन्न त्यांनी एका भुकेल्या, अस्पृश्य मानलेल्या माणसाला दिले, गावाने बहिष्कार घातला, आणि त्यांच्या विहिरीत गंगा अवतरली. पैठणचे एकनाथ वेगळे काय करतात? मावशी लहानपणापासून ते अभंग म्हणत आल्या आहेत, अर्थासह. पंढरपूर मात्र त्यांनी पाहिलेले नव्हते. निघायच्या आदल्या रात्री त्यांनी विचारले, "तिथे माझी मराठी कळेल का कोणाला?" नातू हसला. त्या हसल्या नाहीत.

कुंभकोणममध्ये उणे काय, तेही सांगितले पाहिजे. ईशान्य मोसमी पावसाची एखादी सर डिसेंबरातही गाठते. डास आहेत. पहाटे साडेचारला ध्वनिक्षेपक सुरू होतो, त्याला इलाज नाही. पदपथ नावालाच. आणि प्रत्येकाची मावशी तेथे नसते हे मला मान्य आहे. पण आमच्या नऊ दिवसांपैकी मावशींकडे गेलेले तास वजा केले तरी उरलेला हिशेब युरोपपेक्षा सरसच भरतो, तोही त्या खर्चाच्या आठव्या हिश्शात. सेवेत असलेल्या मित्रांना एवढेच सुचवितो की परदेशमार्गे केलेल्या प्रवासाला रजा प्रवास सवलतीतील करमाफी लागू नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. कुंभकोणमला ती अडचण येत नाही. इतरांनी जानेवारीत एक लहानशी आवर्त ठेव उघडावी. डिसेंबरपर्यंत ती या सहलीला पुरते, मुदत ठेवीला हात लावावा लागत नाही.

२०२५च्या माघी वारीला नातू मावशींना घेऊन पुण्यास आला आणि आम्ही चौघे पंढरपूरला गेलो. महाद्वाराजवळ मावशींनी स्वतः तुळशीच्या हाराचा भाव केला, त्यांच्या त्या मराठीत, बराच वेळ. हारवालीने दोन रुपये कमी केले आणि हार देता देता सौ.ला विचारले, "आजी विदर्भाकडच्या का?"