घर खांद्यावर

उर्दूच्या तासाला ‘खानाबदोश’ हा शब्द आला, की मी तो फोडून दाखवते. खाना म्हणजे घर, दोश म्हणजे खांदा. ज्याचे घर त्याच्या खांद्यावर, तो खानाबदोश. मराठीत याच अर्थाची म्हण आहे, विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर. मुलांनी दोन्ही वहीत उतरवून घेतले आणि धडा पुढे सरकला.

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत मुले एकाला ‘ए खानाबदोश’ म्हणून हाका मारताना ऐकली. त्याचे कुटुंब भाड्याच्या खोलीत राहते. अकरा महिन्यांचा करार संपला की भाडे वाढते आणि सामान पुन्हा टेम्पोत चढते. शब्द मीच दिला होता, त्याचा दगड मुलांनी केला होता. रागावले असते तर तो शब्द वर्गातून गेला असता, गल्लीतून गेला नसता. म्हणून दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर पाच आकडे लिहिले: येख, दुय, त्रिन, श्तार, पांज.

“सांगा, भाषा कोणती?” कोणी पंजाबी म्हणाले, कोणी मारवाडी. मी आणखी शब्द लिहिले. पानी म्हणजे पाणी, कान म्हणजे कान, लोन म्हणजे मीठ, खेर म्हणजे घर. ही भाषा आहे रोमानी, युरोपातल्या रोमा लोकांची. सुमारे हजार वर्षांपूर्वी यांचे पूर्वज आपल्या उपखंडातून निघाले आणि इराण, आर्मेनिया, आजचा तुर्कस्तान असे करत युरोपात पोहोचले. वाटेत भाषेत शब्द मिळत गेले. घराला ते आजही आपल्याकडचाच शब्द वापरतात, पण रस्त्याला म्हणतात ‘द्रोम’, आणि तो शब्द ग्रीक आहे. घर इथून नेले, रस्ता तिकडे सापडला.

इंग्लंडच्या लोकांना वाटले, हे इजिप्तहून आले. ‘इजिप्शियन’चे झाले ‘जिप्सी’. चुकीच्या समजुतीतून पडलेले नाव पुढे शिवीसारखे चिकटले. माझ्या वर्गात जे चार दिवसांत घडले, ते तिथे काही शतके चालले.

आता त्यांच्या चाकांवरच्या घराकडे वळू. त्याला ब्रिटनमधले रोमा ‘वार्डो’ म्हणतात. सगळे रोमा गाड्यांत राहत होते किंवा राहतात, असे मात्र नाही. युरोपातले बहुसंख्य रोमा आज पक्क्या घरांतच राहतात. ब्रिटनमध्येसुद्धा आधी तंबू होते. हेझल झाडाच्या लवचीक फांद्या जमिनीत रोवून वाकवायच्या आणि वर कांबळी किंवा कॅनव्हास टाकायचे. घोड्याने ओढायचे लाकडी घर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास त्यांच्यात रुळले. त्याआधी गावोगाव खेळ दाखवत फिरणारे लोक अशी गाडी वापरत. चार्ल्स डिकन्स यांच्या 1840-41 सालच्या ‘द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप’ या कादंबरीत अशाच एका गाडीचे वर्णन येते.

वार्डोची लांबी असते साधारण दहा फूट. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीएवढी, रुंदीला तर त्याहून कमीच. दार पुढच्या बाजूला, घोडा जुंपायच्या दांड्यांकडे. पायऱ्या काढता-घालता येणाऱ्या. आत शिरले की डाव्या हाताला अरुंद कपाट आणि ओतीव लोखंडाची शेगडी. उजव्या हाताला बसायची पेटी, खण आणि चिनी मातीच्या भांड्यांचे काचेचे कपाट. समोर, गाडीच्या मागच्या टोकाला, आडवा पलंग. त्या पलंगाखाली सरकत्या दारांचा कप्पा, त्यात रात्री लहान मुले झोपत. दिवसा अंथरूण तिथेच कोंबून दार सरकवले की घर आवरले. गाडीच्या मागे बाहेरून भांड्यांची पेटी लावलेली असे. काही प्रकारांत छताचा मधला भाग उंच केलेला असे आणि त्याच्या बाजूंना छोट्या खिडक्या असत. त्यामुळे उजेड वरून येई आणि धूर, वाफ बाहेर जाई.

शेगडी डाव्या हातालाच का, हे मी मुलांना विचारले. उत्तर रस्त्यात आहे. इंग्लंडमध्ये आपल्यासारखीच वाहने डावीकडून चालतात, म्हणजे कडेची झाडे गाडीच्या डाव्या अंगाला येतात. धुराडे त्या बाजूला ठेवले तर फांद्यांना अडकणार. म्हणून ते गाडीच्या उजव्या अंगाला. पुढच्या दाराने आत तोंड करून शिरणाऱ्याच्या ते डाव्या हाताला येते. अशा घरात कोणतीही वस्तू सहज म्हणून ठेवलेली नसते. तिच्या जागेमागे विचार असतो.

गाड्यांचे प्रकारही असेच गरजेतून आले. रीडिंग गावाच्या नावाने ओळखली जाणारी गाडी उंच चाकांची, वरच्या बाजूला बाहेर झुकत गेलेल्या भिंतींची. त्या गावचे डन्टन हे कारागीर अशा गाड्यांसाठी प्रसिद्ध होते. नक्षीकाम, घोडे, द्राक्षाचे घोस, त्यावर सोनेरी वर्ख. ‘बो-टॉप’ म्हणजे कमानीवर कॅनव्हास ताणलेली गाडी, वजनाला हलकी. आजही दर जूनमध्ये उत्तर इंग्लंडमधल्या ॲपलबी गावी घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तेव्हा या कमानीच्या गाड्या रस्त्यावर दिसतात.

आपल्या वाचक बहिणींना सर्वांत ओळखीची वाटेल ती गोष्ट वेगळीच आहे. या दहा फुटांत पाकीचे नियम कडक असत. तोंड धुण्याचे भांडे वेगळे, जेवणाच्या भांड्यांचे वेगळे, कपड्यांचे वेगळे. एकाचे काम दुसऱ्यात केले तर ते भांडे बाटले. बाहेरचे लोक ज्यांना घाणेरडे म्हणत, त्यांच्या घरात स्वच्छता आणि पाकी या दोन निराळ्या गोष्टी आहेत याची जाण होती. आणि घरधनी वारला की पुष्कळ कुटुंबांत त्याची गाडी सामानासकट जाळून टाकत. एवढी नक्षी, एवढा वर्ख, पण वारसांची भांडणे नाहीत.

पुढे बाहेरच्या लोकांना या घराची भुरळ पडली. गॉर्डन स्टेबल्स नावाच्या नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टरांनी 1885 मध्ये फक्त हौसेसाठी ‘वाँडरर’ नावाची मोठी गाडी ब्रिस्टलच्या कारखान्यात बनवून घेतली आणि ब्रिटनभर फिरले. 1907 मध्ये हौशी मंडळींचा कॅरॅव्हॅन क्लब निघाला. आज ‘टायनी होम’ म्हणून जी छोटी घरे मोबाइलवर आपण कौतुकाने पाहतो, त्यांत वार्डोची ओळख लगेच पटते. पलंगाखालचे कप्पे, पेटीचीच बैठक, वरून येणारा उजेड, चाके. अमेरिकेत जे शेफर यांनी 1999 मध्ये असे घर बांधले. ते चाकांवर ठेवण्याचे एक कारण म्हणजे इतके लहान घर जमिनीवर बांधायला नियमांची परवानगी नव्हती. पुढे 2018 च्या तिथल्या नमुना बांधकाम संहितेत 400 चौरस फुटांपर्यंतच्या घरांसाठी खास परिशिष्ट आले. मोठ्या घराचे कर्ज फेडता फेडता आयुष्य संपते, हे ज्यांना उमगले, त्यांनी स्वखुशीने लहान घर निवडले. यात चांगलेच आहे.

पण एक गोष्ट या कौतुकात निसटते. वार्डोत पाच-सहा माणसांचे कुटुंब राहत होते ते केवळ कप्प्यांच्या हुशारीमुळे नव्हे. घराचा मोठा भाग गाडीबाहेर होता. स्वयंपाक बहुधा बाहेरच्या जाळावर होई. मोठी मुले शेजारच्या तंबूत किंवा गाडीखाली झोपत. कपडे कुंपणावर वाळत, घोडे बाजूला चरत, आणि आत्या, काका, आजी यांच्या गाड्या आसपास उभ्या असत. गाडी म्हणजे फक्त माजघर. ओटा, अंगण, पडवी सगळे मोकळ्या जमिनीवर. लहान घर निभते ते अंगणाच्या जोरावर. अंगण काढून घेतले की तेच घर पिंजरा होते.

आणि ते अंगणच काढून घेतले गेले. इंग्लंडमध्ये 1530 मध्ये ‘इजिप्शियन’ लोकांना देशाबाहेर काढणारा कायदा झाला. 1554 च्या कायद्याने देश न सोडणाऱ्यांना मृत्युदंड ठेवला. ते कायदे गेले, पण हाकलणे गेले नाही. 1959 च्या कायद्यात रस्त्याकडेला मुक्काम टाकणे ‘जिप्सी’ व्यक्तीसाठी गुन्हा ठरले. 1968 मध्ये स्थानिक परिषदांवर मुक्कामाच्या जागा देण्याची जबाबदारी आली, 1994 मध्ये ती काढून घेतली. 2022 च्या कायद्याने पोलिसांना अशा कुटुंबाची गाडी, म्हणजे त्याचे घरच, जप्त करण्याचा अधिकार दिला. 2024 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने या तरतुदींचा काही भाग मानवी हक्कांशी विसंगत असल्याचे जाहीर केले. मधल्या काळात नाझींनी लाखो रोमांना मारले. आणि आज त्याच इंग्लंडमध्ये सुट्टीला गेलेली कुटुंबे रंगवलेला वार्डो रात्रीच्या भाड्याने घेतात, फोटो काढतात. घर सर्वांना आवडते, घरवाले मात्र दारात नकोत.

रोमांमध्ये आपले दीनी भाऊही आहेत. उत्तर मॅसिडोनियाची राजधानी स्कोप्ये इथला शुतो ओरिझारी हा भाग रोमांच्या बहुसंख्येसाठी प्रसिद्ध आहे. 1963 च्या भूकंपानंतर तो वाढला. तिथले बहुतेक रोमा मुसलमान आहेत, पक्क्या घरांत राहतात आणि रोमानी बोलतात.

लहान घर आपल्याला परके नाही. हजरत मुहम्मद (स.) यांच्या कुटुंबाचे हुजरे कच्च्या विटांचे, खजुरीच्या फांद्यांनी शाकारलेले होते. हजरत हसन बसरी (रह.) यांनी सांगितले आहे की लहान वयात त्यांचा हात त्या छताला पोहोचत असे. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांची रिवायत तर घराघरांत माहीत आहे. रात्री रसूलुल्लाह (स.) नमाज पढत असताना त्या समोर झोपलेल्या असत, आणि सजद्याला जागा व्हावी म्हणून पाय आखडून घेत. पुढे मस्जिदीच्या विस्तारासाठी हे हुजरे पाडले, तेव्हा मदिनेचे लोक रडले. सईद बिन मुसय्यब (रह.) यांना वाटले, ते तसेच ठेवले असते तर येणाऱ्या पिढ्यांनी पाहिले असते की अल्लाहच्या रसूलांनी किती थोडक्यात समाधान मानले.

त्या हुजऱ्यांना लागून होते मस्जिद-ए-नबवीचे आवार. तिथे परगावचा मुसाफिर बसे, बेघर सहाबी राहत, बाहेरून आलेले लोक भेटीला येत. खोली लहान, पण तिच्या दाराशी सर्वांना जागा.

कुरआनात एका सूरहचे नावच ‘हुजुरात’ आहे, म्हणजे खोल्या. त्याच सूरहच्या 11 व्या आयतीत अल्लाहने एका समूहाला दुसऱ्याची टिंगल करण्यास आणि एकमेकांना वाईट नावांनी हाक मारण्यास मनाई केली आहे. 13 व्या आयतीत सांगितले आहे की कबिले आणि समाज हे एकमेकांची ओळख व्हावी म्हणून आहेत. मुलांना मी हे सांगितले तेव्हा कुणाकडेही बोट दाखवले नाही. वर्गाला कळायचे ते कळले.

तासाच्या शेवटी मी म्हटले, “आपली खोली वार्डोसारखी कोण काढून दाखवतो?” तोच मुलगा उठला. फळ्यावर त्याने चौकोन काढला. खाटेखाली लोखंडी पेट्या, पेट्यांत थंडीचे कपडे, मोरीवर माळा, माळ्यावर पुस्तके, दारामागे दादीची जानमाज. टेम्पोत आधी काय चढते, काय शेवटी, हेही त्याने क्रमाने सांगितले. “सगळ्यात शेवटी शेगडी आणि पाण्याचा हंडा, टीचर. म्हणजे नव्या खोलीत ते आधी उतरतात. अम्मी लगेच चहा ठेवते.” वर्ग शांतपणे ऐकत होता. त्याच्याइतके नेटके कुणालाच सांगता आले नसते.

ब्रिटनमध्ये काही हॉटेलांच्या आणि दारूच्या गुत्त्यांच्या दारावर ‘नो ट्रॅव्हलर्स’ अशा पाट्या लागत आल्या आहेत. आपल्याकडे पाटी लावत नाहीत, नाव विचारतात. नाव ऐकून खोली नाकारली जाणे म्हणजे काय, हे या मासिकाच्या किती तरी वाचकांना ठाऊक आहे. म्हणून आपली जबाबदारी जास्त. आपल्याच मोहल्ल्यात नवा भाडेकरू आला की आपण काय करतो? कुठल्या गावचे, कोणत्या बिरादरीचे, किती दिवस टिकणार, हे आधी विचारतो. नळाला पाणी किती वाजता येते, हे सांगायचे राहून जाते.

या महिन्यात एवढे करू या. गल्लीत टेम्पो थांबला, सामान उतरू लागले, की आपल्या मुलाच्या हातात पाण्याची कळशी द्यावी आणि त्याला सांगावे, “जा, विचार, आणखी काय हवे. आणि नाव विचारून ये, म्हणजे नावाने हाक मारता येईल.”