लाल रेषा कुठे आहे, ते आधी दाखवा

संपादक महोदय,


आपल्या पत्रसदरात सध्या हवामान बदलावरून चांगलीच जुंपली आहे. एका बाजूचे म्हणणे असे की पूर पूर्वीही येत, दुष्काळ पूर्वीही पडत, हे सारे परदेशी संशोधकांचे खूळ. दुसरी बाजू म्हणते, पृथ्वीच तापली, त्याला आता कोण काय करणार? माझे भांडण दोघांशीही आहे, पण दुसऱ्यांशी जरा जास्त.

चंद्रभागेचा पूर आम्हा पंढरपूरकरांना नवा नाही. पुंडलिकाच्या देवळाला पाणी लागले, दगडी पूल बुडाला की चहाच्या टपरीवर एकच प्रश्न असतो : ‘किती सोडलंय?’ कारण हे पाणी आमचे नसतेच. सह्याद्रीत कोसळलेला पाऊस घोड, इंद्रायणी, मुळा-मुठेतून भीमेत, म्हणजे आमच्या चंद्रभागेत, येतो आणि वीर धरणातून सोडलेले पाणी नीरेतून नरसिंहपूरला तिला मिळते. इथे ऊन पडलेले आणि नदी मात्र दुथडी, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो.

१४ ऑक्टोबर २०२० ला मात्र आभाळ आमच्याच डोक्यावर फाटले. बंगालच्या उपसागरात तयार झालेली कमी दाबाची प्रणाली काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून, हैदराबादची दैना करून थेट सोलापूर जिल्ह्यावर आली. भीमेवरचे उजनी धरण आधीच तुडुंब. चित्रा नक्षत्र चालू होते, म्हणजे मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारीच्या पेरणीचे दिवस. माझी कासेगावला थोडी द्राक्षबाग आहे. छाटणीनंतर फुटवे निघत असताना असा पाऊस लागला की काय होते, हे कुठल्याही बागायतदाराला विचारा. घड जिरतात आणि उरलेल्यांवर डाऊनी रोग येतो.

एका पावसाने हवामान बदल सिद्ध होत नाही, हा पहिल्या मंडळींचा मुद्दा मला मान्य आहे. मग त्यांनी अनेक वर्षांच्या नोंदी पाहाव्यात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर एकदम कोसळणारी अतिवृष्टी सुमारे तिपटीने वाढली आणि त्याच पट्ट्यात एकूण मोसमी पाऊस मात्र घटला, असे त्यात दिसते. (पुणे अजून तरी परदेशात गेलेले नाही.) हवा एक अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. तो साठा रिता होतो तेव्हा पाऊस थेंबाथेंबाने येत नाही.

आमच्याकडे याचा अर्थ काय होतो, ते २०२४ ने दाखवले. जूनमध्ये उजनी वजा साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मृतसाठ्यातही खोल, गेली होती, पळसदेवचे बुडालेले मंदिर पाहायला गर्दी होत होती. ऑगस्टमध्ये तीच उजनी भरली आणि चंद्रभागेला पूर आला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीने तर एरवी टँकरची वाट पाहणाऱ्या माढा, मोहोळ, करमाळ्यातली गावे पाण्याखाली घातली. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला.

आता दुसऱ्या मंडळींकडे वळतो. २०२० च्या त्याच दिवशी पंढरपूरच्या कुंभार घाटावर भिंत कोसळून सहा जणांचा बळी गेला. भिंत नीट उभी आहे की नाही, हे पाहणे माणसाचेच काम. पूर्वी असे काही झाले की ‘अस्मानी’ म्हणून हात झटकत. आता ‘ग्लोबल वॉर्मिंग’ म्हणतात, एवढाच फरक. पाऊस बेभरवशाचा झाला हे ज्याला खरोखर पटले आहे, त्याची जबाबदारी वाढायला हवी. इथे तिच्यातून सुटका करून घेण्यासाठीच विज्ञानाचा आधार घेतला जातो. या दुसऱ्या पक्षाचा मला राग येतो तो यामुळे.

नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. पहिली पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींचा हिशेब मागच्या नोंदींवरून होतो. पाऊसच बदलला असेल तर मागच्या हिशेबावर आजची घरे सुरक्षित कशी? त्या रेषा नव्याने आखायला नकोत का? धरणाचेही तेच. दुष्काळाच्या भीतीने उजनी एकशे अकरा टक्के भरून ठेवायची आणि ऑक्टोबरच्या पावसाला जागाच ठेवायची नाही, हे कुठवर चालणार? धरण थोडे रिकामे ठेवायला शेतकरी विरोध करेल, मीही कदाचित करेन, कारण उन्हाळ्यात पाणी मलाही लागते. पण निदान किती जागा ठेवायची आणि का, याची जाहीर चर्चा व्हावी.

पंढरपुरातल्या व्यासनारायण झोपडपट्टीतल्या लोकांना दर पुराला भांडीकुंडी घेऊन हलावे लागते. त्यांच्यासमोर हवामान बदल खरा की खोटा, हा वाद घालून पाहावा.

माझी मागणी छोटी आहे. लाल पूररेषा कागदावर आहे, ती गावातल्या भिंतींवर, विजेच्या खांबांवर, घाटाच्या पायऱ्यांवर ठळक रंगवावी. भाड्याने खोली घेणाऱ्याला, मठ बांधणाऱ्याला, वारीत उतरणाऱ्याला ती दिसली पाहिजे. प्रशासनाकडे निधी नसेल तर रंगाचे डबे आमच्या गल्लीतले लोक वर्गणी काढून देतील.

आपला,
एक वाचक, पंढरपूर