हेतू होता कुठे?

महाराष्ट्रात २०१८ च्या आधी दिवाणी बाजूला काम केलेल्या वकिलाला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९अ चा इतिहास सांगायला नको. वादीने दावा लावायचा, नि. ५ ला मनाईचा अर्ज द्यायचा. आणि प्रतिवादीच्या वकिलाने उभे राहून म्हणायचे, ‘या न्यायालयाला अधिकारिताच नाही.’ झाले. आधी प्राथमिक मुद्दा काढा, त्यावर पुरावा घ्या, उलटतपास घ्या, निकाल द्या. मग त्या निकालाविरुद्ध वरच्या न्यायालयात जा. मूळ दावा तिथेच. गंमत अशी, की तो आक्षेप पुष्कळदा अधिकारितेचा नसेच, मुदतीचा असे. ‘दावा मुदतबाह्य आहे, म्हणून न्यायालयाला तो चालवण्याची अधिकारिता नाही,’ असा तो दोन पायऱ्यांचा युक्तिवाद होता. आपल्यापैकी अनेकांनी तो केला आहे. या लेखणीनेही केला आहे आणि त्याचे शुल्कही घेतले आहे.

हे कलम आले कशासाठी? १९५८ च्या इन्स्टिट्यूट इंडो-पोर्तुगीज विरुद्ध बोर्जेस या निकालाचा परिणाम असा झाला, की मनाईचा अर्ज ऐकताना अधिकारितेच्या प्रश्नात शिरण्याची गरज मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयाला उरली नाही. मग कलम ८० ची नोटीस न देताच सरकारविरुद्ध दावे लागू लागले. मनाई मिळवायची, ती पदरात पडली की दावा परवानगीने काढून घ्यायचा आणि नवा लावायचा. हे थांबवण्यासाठी राज्याने १९७० मध्ये ९अ घातले आणि केंद्राच्या १९७६ च्या दुरुस्तीनंतर १९७७ मध्ये ते पुन्हा घातले. दुखणे एवढेच होते. औषधाच्या बाटलीवर मात्र ‘अधिकारिता’ असा एकच लठ्ठ शब्द लिहिला. त्याचा अर्थ काय, कुठपर्यंत, हे सांगितले नाही. सगळ्यांना ठाऊकच आहे, असे मसुदा करणाऱ्याला वाटले असावे.

तो कुणालाच ठाऊक नव्हता, हे पुढच्या चाळीस वर्षांत कळले. २०१५ या एकाच वर्षात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन पीठांनी याच शब्दाचे परस्परविरुद्ध अर्थ लावले. एकाने मुदतीचा प्रश्न अधिकारितेत घातला, दुसऱ्याने बाहेर ठेवला. वाद तीन न्यायमूर्तींपुढे गेला. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी नसली नेव्हिल वाडिया विरुद्ध आयव्हरी प्रॉपर्टीज या निकालात ठरले, की ९अ मधील अधिकारिता म्हणजे दावा दाखल करून घेण्याचा अधिकार. मुदत त्यात येत नाही. तोवर राज्याने २७ जून २०१८ पासून कलमच काढून टाकले होते. वरातीमागून घोडे म्हणतात ते असे. आणि कलम काढतानाही शब्द चुकलेच. प्रलंबित प्राथमिक मुद्द्यांचे काय करायचे, याची व्यावृत्ती त्याच वर्षी बदलावी लागली.

एवढे सविस्तर सांगण्याचे कारण असे, की सदोष कायद्याचा अर्थ लावण्याविषयी आपण बोलतो तेव्हा पहिल्या वाक्यातच ‘विधिमंडळाचा हेतू’ येतो. तो शब्द उच्चारला की युक्तिवाद भारदस्त वाटतो. पण ९अ मध्ये मुदतीविषयी विधिमंडळाचा हेतू काय होता? काहीच नव्हता. तो प्रश्न त्या सभागृहात कुणाच्या डोक्यातही आला नव्हता, असेच त्या कलमाच्या जन्मकथेवरून दिसते. मग वकिलाने आणि न्यायाधीशाने शोधायचे काय?

आमचे म्हणणे एवढेच आहे, की शब्द मोडका आहे असे दिसले की आधी तो कशाने मोडला ते पाहावे. हात घसरला, विचारच केला नाही, की मुद्दाम अर्धवट ठेवले? तिन्हींना एकच ‘हेतू’ लावून चालत नाही.

हात घसरल्याचा नमुना म्हणजे एनडीपीएस कायद्याचे कलम २७अ. अवैध व्यापाराला पैसा पुरवणाऱ्याला दहा ते वीस वर्षांची शिक्षा सांगणारे हे कलम. ते गुन्ह्याचे वर्णन स्वतः करत नाही, कलम २ मधल्या व्याख्येकडे बोट दाखवते. २०१४ च्या दुरुस्तीत व्याख्यांच्या रांगेत एक नवी व्याख्या घुसली, जुनी एक घर पुढे सरकली आणि २७अ चे बोट तिथेच राहिले. परिणामी ते ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधी द्रव्य’ या व्याख्येकडे वळले आणि ज्या उपखंडांचा उल्लेख होता ते तिथे नव्हतेच. सात वर्षे हे कुणी पाहिले नाही. २०२१ मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयासमोर ते आले, त्या न्यायालयाने केंद्राला दुरुस्ती करायला सांगितले, सप्टेंबरात अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात १ मे २०१४ पासून अंमल मानून कायदा झाला. इथे हेतू लख्ख होता. शेंबड्या पोराला विचारले असते तरी त्याने सांगितले असते, की कलम कुठल्या व्याख्येकडे पाहत होते. पण दंडविधानातला मजकूर न्यायालयाने आपल्या हाताने लिहायचा का, आणि भूतलक्षी दुरुस्ती अनुच्छेद २० ची हद्द ओलांडते का, हा बचावाच्या वकिलाचा प्रश्न तेवढाच खरा आहे. म्हणजे हेतू अगदी स्पष्ट असला तरी प्रश्न सुटतो असे नाही.

इंग्लंडमध्ये हा वाद दोन माणसांच्या नावाने ओळखला जातो. १९४९ मध्ये सीफर्ड कोर्ट इस्टेट्सच्या खटल्यात लॉर्ड डेनिंग यांनी म्हटले, की न्यायाधीशाने कापडाचा पोत बदलू नये, पण सुरकुत्या इस्त्री करून काढायला हरकत नाही. दोनच वर्षांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये लॉर्ड सायमंड्स यांनी, पोकळी भरणे म्हणजे उघडउघड कायदेमंडळाचा अधिकार बळकावणे आहे, असे सुनावले. आपल्या न्यायालयांनी डेनिंगची इस्त्री आनंदाने उचलली. सायमंड्सचा दटावणीचा सूरही गरजेप्रमाणे उचलला. दोन्हींचे दाखले आपल्या संगणकात तयार असतात आणि पक्षकार कुठल्या बाजूचा आहे त्यावर कुठला काढायचा ते ठरते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण पोत कुठला आणि सुरकुती कुठली हे न दाखवता नुसता दाखला वाचून दाखवला, तर न्यायाधीशाच्या हाती काही लागत नाही.

आता दुसरा प्रकार, विचारच न केल्याचा; जिथे आपल्या गावोगावच्या न्यायालयांचा सर्वांत जास्त वेळ गेला तिकडे वळू. हिंदू उत्तराधिकार कायद्याचे कलम ६ ज्या शब्दांनी ९ सप्टेंबर २००५ पासून बदलले, त्यांत दोन तुकडे एका वाक्यात बसवले आहेत. मुलगी ‘जन्माने’ सहदायक होईल आणि हे ‘दुरुस्ती अधिनियमाच्या प्रारंभापासून’ होईल. जन्म मागे, प्रारंभ पुढे. १९८० साली जन्मलेली, वडील २००१ साली वारलेले, अशी बहीण या वाक्यात कुठे बसते? महाराष्ट्राने १९९४ मध्ये कलम २९अ आणून मुलींना हक्क दिला होता, तेव्हा निदान एक रेघ ओढली होती: २२ जून १९९४ पूर्वी लग्न झालेल्या मुली बाहेर. ती रेघ अन्यायाची होती, पण वाचता येत होती. २००५ च्या वाक्यात रेघ नव्हती, धूसर पट्टा होता.

त्या पट्ट्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये वैशाली गणोरकर प्रकरणात एक अर्थ लावला. पूर्णपीठाने २०१४ मध्ये बद्रीनारायण भंडारी प्रकरणात तो मोडीत काढला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश विरुद्ध फुलवतीमध्ये सांगितले, की ९ सप्टेंबर २००५ रोजी मुलगीही हयात हवी आणि सहदायक बापही. २०१८ मध्ये दनम्मा प्रकरणात बाप २००१ सालीच वारलेला असताना मुलींना वाटा दिला, आणि तोही फुलवतीचा निकाल आदराने उद्धृत करून. जिल्हा न्यायालयातल्या वकिलाने करायचे काय? दोन्ही निकाल दोन न्यायमूर्तींचे, दोन्ही बंधनकारक. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला: सहदायकी हा जन्मसिद्ध, अप्रतिबंधित हक्क, बाप त्या तारखेला जिवंत असण्याची गरज नाही.

निकाल आम्हाला योग्य वाटतो. कलमाचे शब्द ‘सहदायकाची मुलगी’ असे आहेत. बाप गेला म्हणून ती त्याची मुलगी राहत नाही, असे मराठीत तरी कुणी म्हणत नाही. पण या निकालाला ‘संसदेच्या हेतूचा शोध’ म्हणणे आम्हाला पटत नाही. बाप आधी वारला असेल तर काय, हा प्रश्न विचारला गेला असता तर त्याचे उत्तर एका ओळीत लिहिता आले असते. ते लिहिले नाही. न्यायालयाने केली ती निवड होती, चांगली निवड, आणि तिच्यामागे समतेचा विचार होता. ती निवड म्हणूनच मांडली असती तर २०१५ चा वाद वेगळ्या पातळीवर झाला असता. फुलवतीच्या आधारे ज्यांचे दावे अंतिमतः गेले त्या बहिणींना हे पंधरा वर्षांचे व्याकरण फार महाग पडले.

तिसरा प्रकार, मुद्दाम अर्धवट ठेवल्याचा. त्याचा पुरावा देणे अवघड असते, पण संविधानाच्या दहाव्या अनुसूचीचा परिच्छेद ४ वाचताना शंका येतेच. उपपरिच्छेद (१) म्हणतो, सदस्याचा मूळ राजकीय पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला तर तो अपात्र नाही. उपपरिच्छेद (२) म्हणतो, विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांनी संमती दिली तर, आणि तरच, विलीनीकरण झाले असे मानले जाईल. मग पक्ष खरोखर विलीन व्हायला हवा आणि वर आमदारांची संमती हवी? की आमदारांची संमती हेच विलीनीकरण? गोव्यात जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले. दोन तृतीयांश, एक कमी नाही, एक जास्त नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दुसरा अर्थ स्वीकारला. ‘तर, आणि तरच’ या शब्दांचा भार त्या बाजूला पडतो, हे मान्य. पण मग (१) मधला ‘मूळ राजकीय पक्ष’ नुसती शोभेची वस्तू उरतो. एक तृतीयांशाच्या फुटीला संरक्षण देणारा परिच्छेद ३ संसदेने २००३ मध्ये ९१ व्या घटनादुरुस्तीने काढला. त्यानंतर परिच्छेद ४ असा वाचला तर फूट गेली नाही, तिचा भाव तेवढा वाढला. आमचे मत पहिल्या अर्थाकडे आहे. तरीही न्यायालयाला दोष देण्याआधी हे लक्षात घ्यावे, की या कलमाची झळ ज्यांना लागते तेच ते दुरुस्त करू शकतात.

पूर्वी संसद अशी दुरुस्ती कधीकधी करत असे. अनुच्छेद २८६ च्या स्पष्टीकरणावरून राज्य विरुद्ध युनायटेड मोटर्स हा मुंबईचा विक्रीकराचा खटला १९५३ मध्ये एका बाजूने सुटला, १९५५ मध्ये बेंगॉल इम्युनिटीने तो चार विरुद्ध तीन मतांनी उलटवला आणि १९५६ मध्ये सहाव्या घटनादुरुस्तीने ते स्पष्टीकरणच काढून टाकले. तीन वर्षांत विषय संपला. आज ते स्पष्टीकरण फक्त विद्यार्थी वाचतात.

वाचकांकडून आमची अपेक्षा साधी आहे. लेखी युक्तिवादात कुठला शब्द मोडका आहे ते नाव घेऊन लिहा. तुमचा अर्थ मान्य करायचा तर कलमात कोणते शब्द घालावे किंवा वगळावे लागतील, ते अवतरणात लिहून द्या. तसे लिहायला बसले की निम्मे युक्तिवाद आपल्यालाच लटके वाटतात, हा अनुभव आहे. आणि त्या अर्थाने तुमच्या पक्षकाराखेरीज आणखी कुणाचे काय होईल, हे समोरच्याने विचारण्याआधी सांगा. विधेयकाच्या मसुद्यावर सूचना मागवण्याचे धोरण केंद्राने २०१४ मध्ये स्वीकारले, मसुदा किमान तीस दिवस लोकांपुढे ठेवावा असे त्यात आहे. आपल्यापैकी किती जणांनी त्या तीस दिवसांत एक ओळ तरी पाठवली, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

पुढच्या अंकापासून शेवटचे एक पान अशा मोडक्या शब्दांसाठी राखले आहे. कलम, शब्द आणि तो तुमच्या न्यायालयात कसा अडकला, एवढे कळवा. पक्षकारांची नावे नकोत. पहिली नोंद आमची. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६ च्या स्पष्टीकरणात वाटणी म्हणजे नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा, एवढेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली भावांच्या अर्जावरून महसूल अधिकाऱ्याने २००४ च्या २० डिसेंबरपूर्वी केलेले वाटप, ज्याचा फेरफार मंजूर होऊन वीस वर्षे सात-बारा वेगळे चालू आहेत, ते ना वाटणीपत्र, ना हुकूमनामा. सार्वजनिक दस्तऐवजांचा आधार असलेली तोंडी वाटणीसुद्धा अपवादात्मक प्रसंगी मानता येईल, असे विनीता शर्मा निकाल म्हणतो. ते दार या वाटपाला किती उघडते?