कुंपणाने शेत खाल्ले

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची, ही म्हण आम्ही मराठीचे मास्तर वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. उदाहरणादाखल लाच खाणारा शिपाई किंवा तिजोरी साफ करणारा खजिनदार सांगितला, की आमचे काम भागते. यंदाच्या श्रावणात मात्र या म्हणीचे एक जिवंत उदाहरण ऐरोलीच्या आमच्या घरातच अवतरले, आणि शेत कसे खाल्ले जाते ते आम्हाला रोज डोळ्यांनी पाहावे लागले.

आमच्या घरी खंड्या नावाचा कुत्रा आहे. वय पाच वर्षे, वजन अठरा किलो आणि जात शुद्ध गावठी. नाव आईने ठेवले, ते जेजुरीच्या खंडोबावरून. मुलीचे म्हणणे असे की खंड्या हा पक्षी आहे, आणि तो आपल्या खाडीच्या तिवरांवर बसून मासे धरतो. दोघींचेही बरोबर असल्यामुळे वाद मिटला नाही. कुत्रा मात्र हाक मारताच येतो.

तो एके दिवशी हाक मारूनही आला नाही. जिन्याच्या दोन पायऱ्या चढून बसला आणि धापा टाकू लागला. भाकरीला तोंड लावीना. ओठ वर करून पाहिले, तर गुलाबी हिरड्या चुन्यासारख्या पांढऱ्या. दुसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली आणि डोळ्यांत पिवळी झाक आली. पशुवैद्यांनी रक्त तपासले. निरोगी कुत्र्याच्या रक्तात शंभर भागांत 37 ते 55 भाग तांबड्या पेशींचे असतात. खंड्याच्या रक्तात ते 14 उरले होते.

"पडला-झडला का? रक्त कोठे गेले म्हणायचे?" मी विचारले.

"बाहेर कोठेही गेलेले नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांनी काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब घेतला, त्यात मिठाचे पाणी मिसळले आणि पट्टी कलती करून दाखविली. थेंब एकजीव न होता त्यात रव्यासारखे दाणे धरले होते. "रोगजंतूंना मारण्यासाठी शरीराने जे शिपाई ठेवले आहेत, ते याच्याच तांबड्या पेशींना परके समजून धरीत आहेत. धरलेल्या पेशी पाणथरीत आणि यकृतात जाऊन फुटतात. तांबडी पेशी कुत्र्याच्या अंगात तीन-साडेतीन महिने जगायची; याच्या पेशी काही दिवसांतच संपत आहेत."

या रोगाचे इंग्रजी नाव आगगाडीइतके लांब आहे. मी मराठीचा अभिमान धरून 'स्वप्रतिकारजन्य रक्तक्षय' असे भाषांतर केले. आईने ते ऐकून घेतले आणि "म्हणजे पांडुरोग," असे म्हणून विषय संपविला. आयुर्वेदाचा शब्द माझ्यापेक्षा आटोपशीर आहे, हे मान्य करायला हवे.

कारण मात्र आटोपशीर नव्हते. गोचिडीमुळे होणाऱ्या तापात तांबड्या पेशींत जंतू शिरतात आणि त्यांच्यापायी ही यादवी माजू शकते. कधी एखादे औषध निमित्त होते, कधी पोटातील गाठ, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. पेच असा की यादवी शमवायची तर शिपायांना झोपवावे लागते, आणि घरात खरोखरच चोर शिरलेला असेल तर शिपाई झोपविणे धोक्याचे. म्हणून रक्ताचा नमुना जंतूंच्या तपासणीसाठी पाठविला, आणि उत्तर येईपर्यंत दोन्हींवरची औषधे सुरू झाली. जंतू सापडले नाहीत. आमच्या वाट्याला बिनकारणाचा रोग आला होता.

बातमी इमारतीत पसरली, आणि औषधोपचारांचा पाऊस सुरू झाला. कोणी बीट किसून द्यायला सांगितले, कोणी लोहाचे टॉनिक आणून दिले, कोणी काविळीच्या झाडपाल्याचा पत्ता दिला. माणसे मायेपोटी सांगतात, त्यांना दोष नाही. पण या रोगात लोह कमी पडलेले नसते. फुटलेल्या पेशींतले लोह शरीरातच राहते. एका काकूंनी "कांद्याचा रस पाजा, ताकद येईल" असे सुचविले. वाचकहो, ही गोष्ट तेवढी कृपा करून ध्यानात ठेवा: कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, मग ते कच्चे असोत की आमटीत शिजलेले. धडधाकट कुत्र्यालाही ते देऊ नयेत.

खरा उपचार म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या. वजनाच्या हिशेबाने मोठी मात्रा सुरू झाली. त्यांच्या जोडीला शिपायांना आवरणारे दुसरे औषध, आणि तिसरे औषध रक्ताच्या गुठळ्या न होण्यासाठी. रक्त कमी असलेल्या कुत्र्याला गुठळ्यांचे भय कसले, असे कोणालाही वाटेल. पण या रोगात फुप्फुसात गुठळी अडकूनच पुष्कळ कुत्री दगावतात, आणि पहिले दोन आठवडे सर्वांत कठीण असतात. गोळ्यांनी काहीच न साधले तर पाणथरी काढण्याची शस्त्रक्रियाही करतात, पण तो शेवटचा मार्ग.

तिसऱ्या दिवशी आकडा 11 वर आला. गोळ्यांचा गुण यायला दिवस लागतात आणि खंड्याजवळ दिवस नव्हते. रक्त देणे भाग होते.

कुत्र्याला कुत्र्याचेच रक्त लागते, आणि त्यांच्यातही रक्तगट असतात. माणसांसारख्या भरलेल्या रक्तपेढ्या मात्र त्यांच्यासाठी फारशा नाहीत. 2024 च्या जून महिन्यात रतन टाटा यांनी सात महिन्यांच्या एका कुत्र्यासाठी मुंबईकरांकडे जाहीरपणे रक्त मागितले होते, ते अनेकांना आठवत असेल. तो कुत्रा त्यांच्या ट्रस्टच्या महालक्ष्मी येथील नव्या प्राण्यांच्या रुग्णालयात दाखल होता. गोचीडतापाचा संशय आणि जिवावर बेतलेला रक्तक्षय. दात्याच्या अटीही त्यांनी दिल्या होत्या: वय एक ते आठ वर्षे, वजन पंचवीस किलो किंवा अधिक, सर्व लसी टोचलेल्या, मोठे दुखणे झालेले नसावे, सहा महिन्यांत गोचीड-पिसवांचा उपद्रव नसावा. दाते मिळाले आणि टाटांनी आभार मानले. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते निवर्तले. देशातील एवढ्या मोठ्या माणसालाही कुत्र्याच्या रक्तासाठी लोकांपुढे हात पसरावा लागला, यावरून आमच्यासारख्यांची कल्पना करावी.

आमच्याकडे दाता निघाला पलीकडच्या सेक्टरातील एक लॅब्राडोर. तीस किलोचा, स्वभावाने आडदांड, आणि बिस्किटासाठी काहीही करील असा. त्याचे मालक निवृत्त गृहस्थ; ओळख केवळ सकाळच्या फिरण्यापुरती. मी फोनवर चाचरत विषय काढला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "गाडी माझी घेऊ. दोघांना एकदमच नेता येईल." रक्त जुळवून पाहिले, जुळले. खाडीपुलावरून मुंबईकडे जाताना पुढच्या सीटवर दाता खिडकीबाहेर तोंड काढून मजेत बसला होता आणि मागे माझ्या मांडीवर खंड्या डोळेही उघडीत नव्हता.

मुंबई या बाबतीत जुनी जाणती नगरी आहे. 1832 साली सरकारने मोकाट कुत्री मारण्याचा हुकूम कडकपणे चालविला, तेव्हा येथील पारशी मंडळींनी दंगा केला होता. पुढे 1883 मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने जनावरांचे रुग्णालय निघाले आणि 1886 मध्ये तेथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. टांग्याच्या घोड्यांपासून गिरणगावातल्या भटक्या कुत्र्यांपर्यंत किती मुक्या जिवांनी ती पायरी चढली असेल!

आता पैशांविषयी. तपासण्या, रक्त, दवाखान्यातील दोन रात्री मिळून आमच्या दिवाळीच्या खरेदीचा बेत पार कोसळला. एका ठिकाणी तर मला स्पष्ट सांगण्यात आले, "गावठीच आहे ना? दुसरा आणा." खुद्द आईलाही प्रथम हे पटले नव्हते. "माणसांना रक्त मिळत नाही, आणि तुम्ही कुत्र्याला चढवता?" ती म्हणाली. प्रश्न खोटा नाही, आणि त्याला माझ्याजवळ तयार उत्तरही नव्हते. उत्तर मुलीने काढले. "आजी, कुत्रा पोळी घेऊन पळाला तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे का धावले?" आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुपाचे मला सांगू नकोस. किती लागतात ते सांग." आणि कपाटाची किल्ली शोधू लागली.

मला वाटते, सर्वांनीच असा खर्च करावा असे कोणी म्हणू नये. काही घरांना तो झेपणार नाही. काही वेळा रोगच हाताबाहेर गेलेला असतो, आणि तेथे शांतपणे निरोप देणे हीच दया. पण "दुसरा आणा" हे उत्तर मात्र नव्हे. घरात पाच वर्षे वावरलेला जीव म्हणजे फुटलेली कपबशी नव्हे.

रक्ताने आठवडाभराची सवड दिली आणि तेवढ्यात गोळ्यांनी पाय रोवले. आकडा 19, मग 26. हिरड्यांवर पहिली गुलाबी रेघ दिसली ती गणपती बसले त्या सकाळी. पण स्टेरॉइडचे प्रताप सुरू झाले होते. खंड्याला भस्म्या रोग झाल्यासारखी भूक लागे, बादलीभर पाणी पिई, आणि रात्री दोन वाजता दारावर पंजा मारी. त्याला घेऊन मी तीन मजले उतरे. आमचा पहारेकरी मला रोज विचारी, "सर, आज झोप झाली का?" एकंदरीत इमारतीत माझी कीर्ती वाढली.

नवरात्रात आकडा 36 आला. गोळ्या आता हळूहळू उतरवायच्या आहेत. एकदम थांबविल्या तर रोग उलटतो. संक्रांतीपर्यंत तरी औषध चालेल, आणि पुढेही तो उलटणार नाहीच अशी हमी कोणी देत नाही. डॉक्टरही देत नाहीत, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास आहे.

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांनी आठवड्यातून एकदा त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात, पावसाळ्यानंतर कानामागे आणि बोटांच्या फटींत गोचीड शोधावी, आणि आपल्या वसाहतीतील मोठ्या, निरोगी कुत्र्यांची यादी करून ठेवावी. फराळाचे ताट उंच ठेवावे. बेसनाच्या लाडवातील बेदाणा कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतो.

आमच्याकडे यंदा नवे कपडे नाहीत. लॅब्राडोरच्या घरी मात्र आईने बिस्किटांचा मोठा डबा आधीच पोचता केला आहे. खंड्याची पुढची तपासणी भाऊबीजेनंतरच्या सोमवारी आहे.