न्यायालयच प्रतिवादी असते तेव्हा

माननीय मुख्य न्यायमूर्ती,
मुंबई उच्च न्यायालय, यांस



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण जो पगारासाठी रोजच ती पायरी चढतो, त्या बेलिफाने, लघुलेखकाने, शिपायाने काय करावे? बढती अडली, बदली अन्यायाची वाटली किंवा नोकरीच गेली, तर त्याने दाद कुठे मागावी?

जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लिपिकाला १९९१ पासून ‘मॅट’, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. न्यायालयातल्या लिपिकाला ते दार बंद. १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्याच्या दुसऱ्याच कलमाने उच्च न्यायालयाचे आणि त्याच्या हाताखालच्या न्यायालयांचे कर्मचारी वगळले आहेत. मग उरते राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालची रिट याचिका, तीही आपल्याच न्यायालयात. अनुच्छेद २२९ ने उच्च न्यायालयातल्या कर्मचाऱ्यांच्या नेमणुका मुख्य न्यायमूर्तींकडे दिल्या, २३५ ने जिल्हा न्यायालयांवरचे नियंत्रण उच्च न्यायालयाकडे. म्हणजे ज्या संस्थेच्या कारभाराविरुद्ध तक्रार, तीच प्रतिवादी आणि निवाडाही तिच्याच इमारतीत.

अशा वेळी न्यायालय आपली बाजू मांडायला बाहेरचा वकील नेमते. त्याला माझा आक्षेप नाही. न्यायमूर्ती स्वतः युक्तिवादाला उभे राहू शकत नाहीत. सरकारी वकील हा राज्य सरकारचा, आणि पदनिर्मिती किंवा वेतनश्रेणीच्या प्रश्नात न्यायालय व सरकार यांचे म्हणणे एकच असेल असे नाही. शिवाय मध्ये वकील आला की आदेश काढणारा हात आणि न्याय देणारा हात यांत थोडे तरी अंतर पडते.

माझा प्रश्न पुढचा आहे. हा वकील निवडतो कोण, कोणत्या निकषावर आणि किती फी देऊन? आज न्यायालयाची बाजू मांडणारा वकील उद्या त्याच न्यायमूर्तींपुढे दुसऱ्या अशिलासाठी उभा असतो. न्यायालयाचे वकीलपत्र मिळणे हा वकिली व्यवसायात मान आहे. तो मान कोणाला आणि का मिळाला, हे सगळ्यांना दिसायला हवे. शिपाई आपल्या वकिलाची फी पदरमोड करून भरतो. समोरच्या वकिलाची फी जनतेच्या तिजोरीतून जाते.

अशा निवडीत पारदर्शकता हवी, हा दंडक न्यायालयांनीच घालून दिलेला आहे. ३० मार्च २०१६ रोजी पंजाब राज्य विरुद्ध ब्रिजेश्वर सिंग चहल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सरकारी वकिलांच्या नेमणुका मनमानीने करता येणार नाहीत. पैसा जनतेचा आहे, म्हणून निवड गुणवत्तेवर आणि पारदर्शक असावी. सरकारला लावलेले हे माप न्यायालयाने स्वतःलाही लावावे, एवढेच म्हणणे आहे.

म्हणून तीन विनंत्या. पहिली, न्यायालयाच्या पॅनेलवरील वकिलांची नावे, निवडीचे निकष आणि कर्मचाऱ्यांच्या प्रकरणांत दिलेली फी दरवर्षी संकेतस्थळावर जाहीर करावी. माहिती अधिकार कायद्याचे चौथे कलम न मागता माहिती द्या असेच सांगते. दुसरी, वकीलपत्र देण्याआधी प्रत्येक तक्रार एखाद्या निवृत्त न्यायाधीशापुढे तडजोडीसाठी ठेवावी. लोकांना लोक अदालतीचा रस्ता दाखवणाऱ्या संस्थेने तो आपल्या माणसांसाठीही खुला ठेवावा. तिसरी, कर्मचारी जिंकला तर अपील करण्याचा निर्णय सवयीने होऊ नये, त्याची कारणे लेखी नोंदवावीत. दिल्लीपर्यंतची लढाई न्यायालयाला परवडते, शिपायाला नाही.

स्वतःच्या घरात स्वतःविरुद्ध निकाल देणे न्यायालयाला जमते, याचा दाखला आहे. सरन्यायाधीशांचे कार्यालय माहिती अधिकाराखाली येते की नाही, या वादात सर्वोच्च न्यायालयाचाच माहिती अधिकारी अपिलात गेला होता. १३ नोव्हेंबर २०१९ रोजी पाच न्यायमूर्तींनी ते मुख्य अपील फेटाळले. त्याने न्यायालयाची प्रतिष्ठा कमी झाली नाही.

न्यायालयाने वकिलाची फी किती आणि कोणाला दिली, हे आपल्या बेलिफाला अर्ज न करता कळावे. सुरुवात मुंबईने करावी.

आपला नम्र,
एक नागरिक