एका स्क्रूची किंमत

आपल्याकडच्या बहुतेक घरांत एक खण असा असतोच, की ज्यात स्क्रू-ड्रायव्हर, टेस्टर, चिकटपट्टी, फ्यूजची तार आणि कधीतरी उपयोगी पडतील म्हणून जपून ठेवलेले चार-दोन सुटे स्क्रू सुखाने नांदत असतात. या खणावर घरातल्या ज्या कुणाचा ताबा असतो, त्याला वेगळाच मान असतो. इस्त्रीची वायर बदलणे, मिक्सरचे कार्बन बदलणे, बंद पडलेली घंटा वाजती करणे ही कामे त्याची. या हौसेत काटकसर होती, स्वावलंबन होते आणि वस्तू लगेच टाकून न देण्याचा चांगला संस्कारही होता. त्याची टिंगल करण्याचे काहीच कारण नाही. प्रश्न एवढाच आहे, की हा खण नेमका कधी उघडायचा?

नवा टीव्ही, फ्रीज किंवा वॉशिंग मशीन घरात येते, तेव्हा त्याच्याबरोबर वॉरंटीचे कार्ड येते. ही वॉरंटी म्हणजे कंपनीने केलेले उपकार अशी अनेकांची समजूत असते. वास्तविक पहिल्या वर्षातल्या दुरुस्तीचा अंदाजे खर्च धरूनच वस्तूची किंमत ठरलेली असते. म्हणजे ही दुरुस्ती आपण आधीच विकत घेतलेली आहे. ती हक्काने मागून घेण्याऐवजी रविवारच्या दुपारी स्वतःच मागचे झाकण उघडणे हा काटकसरीचा नव्हे, तर दुहेरी खर्चाचा मार्ग आहे.

कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी असतात. कंपनीने नेमलेल्या माणसाखेरीज इतर कुणी वस्तू उघडली, सील तोडले किंवा अनुक्रमांकाची पट्टी काढली, तर वॉरंटी रद्द, अशा अर्थाचे कलम त्यात बहुधा असते. आपण ते वाचत नाही. सेवा केंद्राचा माणूस मात्र दारात पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा तेच बघतो. सील फाटलेले दिसले किंवा स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे दिसले, की मूळ बिघाड काय होता, हा प्रश्नच मागे पडतो.

खरे नुकसान इथे आहे. झाकण उघडेपर्यंत दोष कंपनीच्या मालात होता, हे मांडणे आपल्याला सोपे असते. झाकण उघडल्यावर तो दोष आपल्या हातून झाला नाही, हे पटवून देण्याची पाळी आपल्यावर येते. ग्राहक आयोगापुढे प्रकरण गेले आणि तपासणीवाचून दोष ठरवता येत नसला, तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आहे. पण आधीच कुणाचा तरी हात फिरलेली वस्तू आपल्या बाजूने कितपत साक्ष देणार? याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे. सदोष वस्तूमुळे इजा किंवा नुकसान झाले, तर भरपाई मागता येते. मात्र इजा झाली त्या वेळी वस्तूत फेरफार केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध असा दावा करता येत नाही. एका स्क्रूची किंमत इतकी होऊ शकते.

पैशांपलीकडचा धोका तर त्याहून मोठा. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या पोटात दोन हजार व्होल्टच्या घरातला विद्युतदाब तयार होतो आणि त्यातला कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही काळ भारित राहू शकतो. टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये घरातल्या २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी झालेले असतात. ‘स्विच तर बंद केला होता’ हे वाक्य अशा वेळी कामाला येत नाही. आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन हा ज्वलनशील वायू असतो, स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला. मोबाइलची लिथियम बॅटरी अणकुचीदार हत्याराने उचकटताना तिला भोक पडले, तर ती पेट घेऊ शकते. जुन्या रेडिओवर हात बसलेल्या माणसाने हा फरक ओळखायलाच हवा.

मग कंपन्यांचे सगळे बरोबर, असे म्हणायचे का? मुळीच नाही. झाकण उघडले एवढ्याच कारणावरून, बिघाडाचा त्याच्याशी संबंध असो वा नसो, हात वर करणे हा अन्यायच आहे. अमेरिकेत १९७५च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने, ठरावीक कंपनीचेच सुटे भाग किंवा ठरावीक ठिकाणचीच सेवा घ्या अशी अट वॉरंटीला जोडण्यावर बंधन घातले. ते भाग किंवा ती सेवा कंपनी फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. ठरावीक सुटे भाग किंवा सेवा न वापरल्यास, किंवा सील काढल्यास, वॉरंटी रद्द होईल अशा प्रकारची भीती घालणाऱ्या सहा कंपन्यांना २०१८मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ताकीद दिली. आपल्याकडे मोटारींच्या बाबतीत भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४मध्ये असाच विचार मांडला. बाहेरच्या गॅरेजमध्ये गाडी नेली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, चुकीच्या दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असे आयोगाने बजावले. कंपन्या अर्थातच अपिलात गेल्या. पुढे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठीचे पोर्टल सुरू केले. मोबाइल आणि घरगुती उपकरणेही त्यात आली. परंतु पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. घरी टीव्ही उघडणाऱ्याला त्याच्या भरवशावर राहता येणार नाही.

तोवर शहाणपण कशात आहे? कार्डात सांगितलेली देखभाल जरूर करावी. एसीची जाळी धुणे, वॉशिंग मशीनचा गाळ साफ करणे यासाठी मेकॅनिकची वाट पाहायला नको. त्यापुढे मात्र स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवावा आणि पेन हातात घ्यावे. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी. येणाऱ्या माणसाकडून जॉब-शीट घ्यावी, तीत बिघाड काय होता आणि काय बदलले हे लिहून घ्यावे, आणि कोऱ्या कागदावर सही करू नये. फ्रीजच्या कॉम्प्रेसरची वॉरंटी अनेकदा दहा वर्षांची असते. पहिले वर्ष संपले म्हणून तिसऱ्या वर्षी कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावण्याआधी तिच्या अटी पुन्हा वाचाव्यात.

इतके करूनही कंपनी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यानेही भागले नाही, तर आपल्या राहत्या जिल्ह्यातच ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. पावती, कार्ड आणि जॉब-शीट एवढे कागद हाताशी असले, की निम्मे काम होते.

घराघरांतले ते खण मोडीत काढा, असे कुणी म्हणणार नाही. वस्तू दुरुस्त करून वापरणारा समाज शहाणाच असतो, आणि वॉरंटी संपली की इस्त्री-मिक्सरसाठी त्या खणाची गरज लागणारच आहे. फक्त तोवर त्यात, त्या सुट्या स्क्रूंच्या शेजारी, दुकानाची पावतीही जपून ठेवावी. पहिल्या वर्षात सर्वांत उपयोगी हत्यार तेच आहे.