विश्लेषण : पाच लाखांचे कवच सर्वांना, पण रोजच्या गोळ्यांचा खर्च कोणाचा?

सांगवीत राहून रोज चाकणला कंपनीच्या बसने जाणाऱ्या, २० हजार रुपये पगाराच्या कामगाराच्या पगारपत्रकावर दोन छोट्या कपाती दिसतात. ईएसआयचे १५० रुपये आणि व्यवसाय कराचे २०० रुपये. राज्यात आरोग्याचे कवच वाढवायचे तर पैसा कोठून आणायचा, या प्रश्नाचे बरेचसे उत्तर या दोन ओळींत आहे.

सर्वांना कवच मिळाले म्हणजे नेमके काय मिळाले?

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, नोव्हेंबर २०१३मध्ये ती राज्यभर गेली. २०१७पासून तिचे नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. सुरुवातीला ती प्रामुख्याने पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी होती आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत उपचार मिळत. जून २०२३मध्ये मंत्रिमंडळाने पांढऱ्या शिधापत्रिकेसह सर्वांना पाच लाखांचे कवच देण्याचे ठरवले. उपचारांची संख्या १,३५६ झाली. ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्राने सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत घेतले.

कागदावर हा विस्तार मोठा आहे आणि त्याचे मोल कमी लेखू नये. बायपास किंवा डायलिसिससाठी दागिने गहाण टाकावे लागत नाहीत, ही ज्या घरावर वेळ आली त्यांना विचारावी अशी गोष्ट आहे. मात्र ही योजना प्रामुख्याने दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. मधुमेहाच्या गोळ्या, रक्तदाबाची औषधे, मुलाचा ताप, साध्या रक्तचाचण्या हा खर्च तिच्याबाहेर राहतो. आणि कुटुंबाच्या खिशातून जाणारा मोठा वाटा याच औषधांचा व ओपीडीचा असतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातील एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा २०१३-१४मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. घट मोठी आहे, पण शंभरातले जवळपास चाळीस रुपये अजूनही आजारी माणूसच काढतो आहे.

७९७ रुपये आणि ९,६०० रुपये

एप्रिल २०२०पासून फुले योजना संमिश्र पद्धतीने चालली. दीड लाखापर्यंतची जोखीम विमा कंपनीची, त्यावरची राज्य आरोग्य हमी सोसायटीची. कंपनीला राज्य सरकार देत असलेला हप्ता होता एका कुटुंबामागे वर्षाला ७९७ रुपये.

आता ईएसआय. कामगाराकडून पगाराच्या ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के. २० हजारांवर हे झाले १५० अधिक ६५०, म्हणजे महिन्याला ८०० रुपये. जवळजवळ तेवढीच रक्कम, पण एक वर्षाची आणि दुसरी महिन्याची. वर्षाला ९,६०० रुपये.

ही तुलना अगदी सरळ नाही, हेही सांगायला हवे. ईएसआयच्या पैशातून आजारपणाच्या रजेतला पगार, २६ आठवड्यांची प्रसूती रजा, अपघातानंतरचे निवृत्तिवेतन हेही द्यावे लागते. पण दवाखाना, औषधे, तज्ज्ञ, शस्त्रक्रिया असे सगळे त्यात येते, कामगाराच्या कुटुंबासह. चिंचवडच्या मोहननगरमधील कामगार विमा रुग्णालय याच पैशावर उभे आहे. रांगा, औषधांचा तुटवडा, दुसरीकडे पाठवणी या कामगारांच्या तक्रारी जुन्या आहेत आणि खऱ्याही आहेत. तरी तापापासून शस्त्रक्रियेपर्यंत सगळे कवच द्यायचे तर किती पैसा लागतो, याचा अंदाज ७९७च्या आकड्यातून येत नाही, ९,६००च्या आकड्यातून येतो.

२१ हजारांची वेस

ईएसआयची पगारमर्यादा जानेवारी २०१७पासून २१ हजार रुपये आहे. एखाद्या कामगाराला वेतनकरारात दोन हजारांची वाढ मिळाली आणि पगार २२ हजार झाला, की चालू सहामाही संपताच तो बाहेर. मालकाचे साडेसहाशेही बंद. वाढलेल्या दोन हजारांत खासगी आरोग्यविमा घ्यावा, तर घरातल्या वृद्ध आई-वडिलांचा हप्ताच ती वाढ खाऊन टाकतो. फुले योजना उरते, पण फक्त दाखल झाल्यावर. पगारवाढीची शिक्षा म्हणून ओपीडी गमावणारा असा कामगार चाकण, भोसरी, तळेगाव पट्ट्यात जागोजागी भेटेल. मर्यादा ओलांडल्यावरही वर्गणी भरून राहण्याची मुभा देणे हा सर्वांत स्वस्त विस्तार ठरेल, कारण पैसा कामगार आणि मालकच देणार आहेत. हा निर्णय मात्र केंद्राच्या हातात आहे.

राज्याच्या हातात काय आहे?

सांगवी फाट्यावर औंधचे जिल्हा रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अशा सर्व संस्थांत तपासणी, चाचण्या, उपचार मोफत झाले. विमा नाही, दावा नाही, कार्डाची शोधाशोध नाही. पिंपरीचे वायसीएम रुग्णालय महापालिकेचे असल्याने त्या निर्णयाच्या कक्षेत ते येत नाही. एकाच शहरात राहणाऱ्या माणसाला कोणत्या फाटकातून शिरलो यावर पैसे पडावेत की नाही हे ठरते.

फुकट केल्याने औषध मात्र कपाटात येत नाही. तमिळनाडूने १९९४मध्ये स्वतंत्र औषध खरेदी महामंडळ काढले आणि एकत्रित खरेदीने सरकारी दवाखान्यांतला पुरवठा सांभाळला. महाराष्ट्राचे वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण २०२३च्या कायद्याने आले. थायलंडने २००१-०२मध्ये आणखी पुढचे पाऊल टाकले : करातून मिळणारी ठरावीक माणशी रक्कम, ज्या रुग्णालयात नाव नोंदले त्याला, ओपीडीसकट. तेथील संघटित कामगारांचा निधी वेगळाच राहिला, आपल्या ईएसआयसारखा. सांगवी-पिंपळे गुरवसारख्या दाट वस्तीत माणशी रक्कम देण्याची पद्धत एखाद्या महापालिकेच्या हद्दीत करून पाहण्याजोगी आहे.

मग पैसा?

पहिला मार्ग सरळ आहे. राष्ट्रीय आरोग्य धोरण २०१७ने राज्यांना अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून अधिक खर्च आरोग्यावर करायला सांगितले, तेही २०२०पर्यंत. महाराष्ट्र त्याच्या बराच खाली आहे. श्रीमंत म्हणवणाऱ्या राज्याला हे शोभत नाही.

दुसरा मार्ग पगारपत्रकावरच्या त्या २०० रुपयांचा. व्यवसाय कर १९७५मध्ये रोजगार हमी योजनेसाठी आला. शहरातल्या पगारदाराने दुष्काळी गावातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा, असा तो सौदा होता आणि महाराष्ट्राने तो निभावला. २००६मध्ये केंद्राची रोजगार हमी आली आणि राज्यावरचा भार बदलला. कपात चालूच आहे. तिचा ठरावीक हिस्सा दवाखान्यांच्या औषधांसाठी कायद्याने बांधून देता येईल का, हे तपासायला हरकत नाही. नुसता उपकर लावून पैसे सर्वसाधारण तिजोरीत टाकले तर ते कोठे गेले हे कोणाला कळत नाही.

यालाही सीमा आहे. राज्यघटनेच्या कलम २७६नुसार व्यवसाय कर एका व्यक्तीकडून वर्षाला अडीच हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही. ही मर्यादा १९८८च्या घटनादुरुस्तीने ठरली. महाराष्ट्रात अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० असे कापून ती पूर्ण भरते. २२ हजारांचा कामगार आणि दोन लाखांचा व्यवस्थापक दोघेही सारखेच अडीच हजार भरतात.